सेंटॉरस एक्स-३: पल्सारच्या ठोक्यांवरून शेजारच्या महाकाय ताऱ्याचं वजन कसं काढायचं

एप्रिलच्या अखेरीस रात्री नऊच्या सुमारास लातूर, परभणी किंवा नांदेडच्या बाहेर एखाद्या मोकळ्या माळावरून दक्षिणेकडे पाहिलं, तर क्षितिजालगत त्रिशंकू तारकासमूह वर येताना दिसतो. त्याच्या उजवीकडे, हात लांब करून धरलेल्या मुठीएवढ्या अंतराच्या जरा आत, जमिनीपासून जेमतेम ११ अंश वर सेंटॉरस एक्स-३ आहे. डोळ्यांना तिथे काही दिसत नाही. त्या जोडीतला तारा तेराव्या प्रतीचा आहे. क्ष-किरणांत मात्र तिथून दर ४.८ सेकंदांनी एक ठोका येतो. हा ठोका देणारा न्यूट्रॉन तारा (स्फोट झालेल्या ताऱ्याचा उरलेला अतिदाट गाभा; असा ठोके देणारा तारा म्हणजे पल्सार) सूर्याच्या सुमारे २० पट जड ताऱ्याभोवती २.०८७ दिवसांत एक फेरी मारतो.

खळ्यावर तिवड्याभोवती फिरणाऱ्या बैलाच्या गळ्यातली घंटा दुरून ऐकावी तसं हे आहे. बैल पलीकडच्या बाजूला गेला की आवाज किंचित उशिरा पोचतो, अलीकडे आला की लवकर. घंटा एकसारखी वाजत असेल, तर या उशीर-लवकरवरूनच वर्तुळ केवढं आहे ते कळतं. सेंटॉरस एक्स-३ मध्ये हा उशीर ३९.६ सेकंदांपर्यंत जातो. एवढा एक आकडा नीट मोजता आला की महाकाय ताऱ्याचं वजन हातात येतं, आणि ग्रहणाची लांबी, म्हणजे हा तारा पल्सारला किती वेळ झाकतो ते, जोडीला घेतली की त्याचा आकारही. उहुरू उपग्रहाच्या माहितीतून हे ठोके १९७१ मध्ये सापडले आणि १९७२ मध्ये ही जोडी असल्याचं स्पष्ट झालं. तेच मोजमाप आज बीएस्सीच्या विद्यार्थ्याला साध्या लॅपटॉपवर करता येतं.

हाच पल्सार का

जड ताऱ्याभोवती फिरणारे पल्सार बरेच आहेत, पण शिकायला सगळे सारखे सोपे नाहीत. रेडिओतला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे बी१२५९-६३: ४७.८ मिलिसेकंदांचा ठोका, शेजारी एलएस २८८३ हा तारा, कक्षा अतिशय लांबट (उत्केंद्रता ०.८७). त्याची एक फेरी १२३६.७ दिवसांची, म्हणजे जवळपास ३.४ वर्षांची. शिवाय तो इतका दक्षिणेला आहे की पुणे जिल्ह्यातल्या खोडदहून फक्त ७ अंश वर येतो आणि तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या १७ अंशांच्या खाली झुकत नाहीत. हंस तारकासमूहातला जे२०३२+४१२७ आपल्याकडून छान उंच दिसतो, पण त्याची फेरी ४५ ते ५० वर्षांची. ताऱ्याच्या सर्वांत जवळून तो गेला १३ नोव्हेंबर २०१७ ला. वेला एक्स-१ ची कक्षा ८.९६ दिवसांची आहे, पण ठोका २८३ सेकंदांचा आणि प्रत्येक ठोक्याचा चेहरा वेगळा.

सेंटॉरस एक्स-३ ची कक्षा दोन दिवसांची आणि जवळजवळ पूर्ण गोल आहे. ठोका ठळक आहे. दर फेरीत सुमारे ९ तासांचं ग्रहण लागतं, त्यामुळे उत्तर बरोबर आलं की नाही हे तपासायला एक स्वतंत्र साक्षीदार मिळतो. म्हणून सुरुवात इथूनच करा.

काय लागतं

८ जीबी रॅमचा लॅपटॉप, ६०-७० जीबी मोकळी जागा, उबुंटू (विंडोजवर असाल तर त्यातच लिनक्स चालवायची सोय असते), आणि पायथनमध्ये नमपाय, सायपाय, ॲस्ट्रोपाय आणि मॅटप्लॉटलिब. क्ष-किरणांच्या माहितीसाठी नासाचं हीसॉफ्ट हे पॅकेज बसवावं लागतं. ते मोफत आहे, पण बसायला दोन-तीन तास घेतं.

माहिती दोन ठिकाणी मिळते. आपला ॲस्ट्रोसॅट हा उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ ला उडाला. त्याच्या लॅक्सपीसी या क्ष-किरण मोजणाऱ्या उपकरणाची माहिती इस्रोच्या बेंगळुरूजवळच्या ब्यालालू इथल्या केंद्राच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून मोफत उतरवता येते. दुसरं ठिकाण नासाचं अर्काइव्ह. तिथे आरएक्सटीई हा क्ष-किरण उपग्रह (डिसेंबर १९९५ ते जानेवारी २०१२) आणि अंतराळ स्थानकावरचं नाइसर हे उपकरण यांची निरीक्षणं आहेत. शोधताना एक अट पाळा: निरीक्षण निदान एक दिवसाहून लांब पसरलेलं हवं, आणि शक्यतो ग्रहणाच्या दोन्ही बाजूंचं. चार तासांचं सुंदर निरीक्षण या कामाला निरुपयोगी आहे.

लॅक्सपीसीची फाइल कित्येक जीबींची असते. वीज आणि इंटरनेट दोन्ही मध्येच जाणार हे गृहीत धरून डाउनलोड रात्री लावा, आणि ब्राउझरमधून न करता डब्ल्यूगेट या लिनक्सच्या आज्ञेने करा, तेही जिथे तुटलं तिथून पुढे चालू ठेवण्याचा पर्याय देऊन. उतरल्यावर झिप आधी तपासून घ्या. अर्धवट उतरलेली फाइल अनेकदा उघडते, फक्त उपग्रहाच्या शेवटच्या काही फेऱ्यांची माहिती गायब असते, आणि ते चार दिवसांनी लक्षात येतं.

लॅक्सपीसीचे तीन डबे आहेत: १०, २० आणि ३०. तिसरा २०१८ मध्ये बंद करावा लागला, पहिल्याचं वागणं त्याच वर्षापासून बिघडलं. त्यामुळे २० क्रमांकाचाच घ्या. ऊर्जा ३ ते २० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ठेवा आणि फक्त वरचा थर निवडा. खालच्या थरांत या ऊर्जेचे फोटॉन (प्रकाशाचे कण) कमी आणि पार्श्वभूमीचा कचरा जास्त असतो.

शेवटी तुम्हाला हवी आहे ती एक साधी यादी: प्रत्येक फोटॉन कधी आला. सेकंदाला ६०० फोटॉन धरले तर ४०,००० सेकंदांत २ कोटी ४० लाख वेळा होतात. प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे २०० एमबीच्या आत. लॅपटॉपला हे जड नाही.

मात्र ते ८ बाइट कमी करायला जाऊ नका. ॲस्ट्रोसॅटचं घड्याळ १ जानेवारी २०१० पासूनचे सेकंद मोजतं, त्यामुळे २०१६ च्या अखेरीस आकडा सुमारे २१ कोटी ९० लाख असतो. एवढा मोठा आकडा ४ बाइटच्या दशांशात साठवला तर शेजारच्या दोन आकड्यांत १६ सेकंदांचं अंतर पडतं. ४.८ सेकंदांचा ठोका त्यात पूर्ण बुडतो. 'पल्सार सापडतच नाही' अशी तक्रार असेल तेव्हा पहिल्यांदा हे तपासा.

घड्याळ सूर्यमालेच्या मध्यावर नेणं

उपग्रह पृथ्वीभोवती फिरतो, पृथ्वी सूर्याभोवती. ठोक्यांच्या वेळांत या दोन्ही हालचाली मिसळलेल्या असतात, म्हणून प्रत्येक फोटॉन सूर्यमालेच्या मध्यावर कधी पोचला असता ती वेळ काढायची. पृथ्वीच्या कक्षेमुळे जास्तीत जास्त ४९९ सेकंदांचा फरक पडू शकतो. उपग्रहाच्या स्वतःच्या फेरीमुळे २३ मिलिसेकंद इकडे, २३ तिकडे. दुसरा फरक किरकोळ वाटतो, पण पुढे आपण ठोक्याची वेळ ४८ मिलिसेकंदांपर्यंत अचूक काढणार आहोत, त्यामुळे तोही सोडून चालत नाही.

ॲस्ट्रोसॅटसाठी एएस१बॅरी आणि नासाच्या निरीक्षणांसाठी बॅरीकॉर ही साधनं हे काम करतात. त्यांना उपग्रहाच्या कक्षेची फाइल आणि स्रोताची जागा द्यावी लागते: विषुवांश ११ तास २१ मिनिटे १५ सेकंद, क्रांती उणे ६० अंश ३७ मिनिटे २५ सेकंद. उणे चिन्ह विसरलं तर साधन काही तक्रार करत नाही, मुकाट्याने चुकीच्या दिशेची दुरुस्ती करतं.

काळाच्या सुरुवातीच्या आकड्याकडेही लक्ष द्या. नाइसरच्या फाइलमध्ये संदर्भ दिनांक ५६६५८.०००७७७५९३ असा (खगोलशास्त्रातल्या दिवसांच्या सलग मोजणीत) असतो. तो शेपटीचा दशांश म्हणजे ६७.१८ सेकंद. आरएक्सटीईच्या फाइलमधला तसाच दशांश ६०.१८ सेकंदांचा. एकाच उपग्रहाची माहिती वापरताना हे गळालं तरी कक्षेचा आकार बदलत नाही, पण दोन उपग्रहांची निरीक्षणं जोडायला गेलात की सगळं एक मिनिटाने सरकतं आणि कारण सापडता सापडत नाही.

आधी नुसतं बघा

कुठलंही गणित करण्याआधी १० सेकंदांच्या खान्यांत फोटॉन मोजून आलेख काढा आणि तो पूर्ण पडद्यावर उघडा. ग्रहण ओळखू येतं: प्रकाश तळाला जातो, नऊ तास तिथेच राहतो, मग चढतो. ग्रहणाच्या तळाशी जे उरतं ते बहुतेक पार्श्वभूमी असते. ॲस्ट्रोसॅटच्या ९८ मिनिटांच्या फेरीत दक्षिण अटलांटिकवरच्या कणांच्या पट्ट्यातून जाताना उपकरण बंद असतं, त्या खाचा नियमित अंतराने दिसतील. त्यांच्या काठावर कधीकधी मोजणी उगाच वर उडते; काठाचे एक-दोन मिनिट कापून टाका. ग्रहणाबाहेर अचानक खोल खड्डे दिसले तर ते खरे असतात: ताऱ्याचा दाट वारा, म्हणजे त्यातून बाहेर वाहणारा वायू, मध्ये आलेला असतो. ते तुकडे फेकू नका, पण त्यांच्यावर खूण करून ठेवा, कारण तिथे ठोक्याचा आकार बदललेला असू शकतो.

तुकडे आणि घडी

आता ठोका शोधायचा. पद्धत अशी: एक आवर्तकाळ धरा, सगळे फोटॉन त्या लांबीच्या घडीवर एकावर एक ठेवा, घडीचे ३२ खाने करा. काळ बरोबर असेल तर एखाद्या खान्यात ढीग होतो, चुकीचा असेल तर सगळे खाने सारखे भरतात. सपाटपणापासून किती फरक आहे ते काय-वर्ग (ची-स्क्वेअर) या संख्याशास्त्रातल्या मापाने मोजा. ४.७५ ते ४.८५ सेकंदांपर्यंत ०.०००५ सेकंदांच्या पावलांनी गेलात की २०० वेळा घडी घालावी लागते. काही सेकंदांचं काम.

तुकडा किती लांब घ्यायचा, हा इथला खरा प्रश्न आहे. सगळं निरीक्षण एकदम घ्यायचा मोह होतो आणि तिथेच बहुतेक जण अडकतात. न्यूट्रॉन तारा वळत असतो, त्यामुळे तुकड्याच्या आतच काळ बदलतो. या कक्षेत आपल्या दिशेचा प्रवेग, प्रकाशवेगाच्या मापात, सेकंदाला जास्तीत जास्त ४.८ भागिले १० कोटी. त्यातून होणारी घसरण म्हणजे अर्धा गुणिले प्रवेग गुणिले तुकड्याच्या लांबीचा वर्ग. ३००० सेकंदांसाठी ती ०.२२ सेकंद, म्हणजे ठोक्याच्या साडेचार टक्के, चालतं. १०,००० सेकंदांसाठी २.४ सेकंद, म्हणजे अर्धा ठोका. शिखर आणि दरी एकमेकांवर पडून पुसले जातात.

म्हणून ३००० सेकंदांच्या पुढे जाऊ नका. उपग्रहाच्या दोन फेऱ्यांतले तुकडे जोडूनही घडी घालू नका: मध्ये ९८ मिनिटांची ठरावीक चाल असल्यामुळे खऱ्या शिखराच्या दोन्ही बाजूंना ०.००३९ सेकंदांच्या अंतराने खोटी शिखरं उभी राहतात, आणि ती खऱ्याइतकीच उंच असतात. (४.८ चा वर्ग भागिले ५८८० करून पाहा.)

आणखी एक सापळा: कमी ऊर्जेला या पल्सारच्या ठोक्याला कधीकधी दोन शिखरं असतात. शोध रुंद ठेवला असेल तर २.४ सेकंदांवरही चांगला संकेत मिळतो. ४.८ वर घडी घालून दोन्ही शिखरं वेगळ्या उंचीची दिसली की शंका मिटते.

पहिली, कच्ची कक्षा

प्रत्येक तुकड्याचा सर्वोत्तम काळ तुकड्याच्या मधल्या वेळेसमोर मांडा. लाट दिसायला हवी: वेग प्रकाशवेगाच्या ०.१३८ टक्के, म्हणजे सेकंदाला सुमारे ४१४ किलोमीटर, म्हणून काळ मधल्या किमतीच्या ०.००६६ सेकंद वर-खाली जातो.

३००० सेकंदांच्या तुकड्यात काय-वर्गाच्या शिखराची रुंदीच ०.००७७ सेकंद असते. मोजायची लाट आणि मोजपट्टीची जाडी सारखीच! शिखराचा मध्य नीट काढला (सर्वांत उंच बिंदू घेऊ नका, शिखराभोवती वक्र बसवा) तर ०.०००१ सेकंदांपर्यंत पोचता येतं आणि लाट स्पष्ट होते. पण यापेक्षा बारीक या वाटेने जाता येत नाही. या टप्प्यावर कक्षेची त्रिज्या एक टक्क्यापर्यंत मिळाली की पुरे.

इथे थांबून ग्रहणाशी ताडून पाहा. ग्रहणाआधी न्यूट्रॉन तारा ताऱ्यामागे जात असतो, आपल्यापासून दूर. म्हणून काळ लांब हवा. ग्रहणातून बाहेर येताना तो आपल्याकडे येतो. काळ आखूड हवा. ग्रहणाच्या बरोब्बर मध्यावर लाट मधल्या किमतीतून जायला हवी. उलटं दिसत असेल तर सूत्रात कुठेतरी चिन्ह चुकलं आहे. ते आत्ताच दुरुस्त करा, पुढे ते लपून बसतं.

ठोके मोजणं

इथे कामाचा खरा गाभा आहे. काळ मोजण्याऐवजी ठोका नेमका कधी पोचला ते मोजायचं. ठोक्याची जागा घडीत शंभराव्या भागापर्यंत काढता येते, म्हणजे ०.०४८ सेकंद. समोर उशीर ३९.६ सेकंदांचा. एकाच बिंदूतून ०.१२ टक्क्यांची अचूकता मिळते, आणि असे बिंदू तुमच्याकडे तीस-चाळीस असतात.

सगळ्यांत तेजस्वी तीन-चार तुकड्यांतून ठोक्याचा नमुना बनवा. प्रत्येक तुकडा त्याच्या स्वतःच्या काळाने घडी घाला. सगळ्यांना एकच सरासरी काळ लावलात तर ३००० सेकंदांत ठोका ०.८६ घडीपर्यंत सरकतो आणि काहीच उरत नाही. मग नमुना घडीवर सरकवत न्या, कुठे सर्वांत चांगला बसतो ते पाहा, आणि तुकड्याच्या मध्याजवळचा तो ठोका कितव्या सेकंदाला आला ते लिहा. नमुना दुसऱ्या कुणाच्या लेखातल्या चित्रावरून घेऊ नका. याच्या ठोक्याचा आकार ऊर्जेप्रमाणे आणि काळानुसार बदलतो. नमुना तुमच्याच माहितीतला, त्याच ऊर्जेतला हवा.

आता दोन तुकड्यांच्या मध्ये नेमके किती ठोके गेले हे ठरवायचं. उपग्रहाच्या लागोपाठच्या दोन फेऱ्यांत ५८८० सेकंद, म्हणजे १२२५ ठोके. मोजणीत एकही ठोका चुकू नये यासाठी काळातली चूक ०.००१९ सेकंदांच्या आत हवी, आपल्याकडे ०.०००१ आहे, म्हणून निर्धास्त. ग्रहणापलीकडे उडी मारायची तर ३२,४०० सेकंद, ६७५० ठोके, आणि परवानगी फक्त ०.०००३६ सेकंदांची. नुसत्या स्थानिक काळावर भरवसा ठेवून इथे उडी मारणारे हमखास एक-दोन ठोके हरवतात. म्हणून आधी कच्ची कक्षा वापरून प्रत्येक पोचवेळेतून उशीर वजा करा, मग मोजा. उरलेला फरक पूर्ण ठोक्यांच्या एक-दशांशाच्या आसपास राहिला तर मोजणी बरोबर आहे. ग्रहणानंतरचे सगळे बिंदू एकदम अर्ध्या किंवा एका ठोक्याने वर-खाली बसले, तर मोजणी चुकली.

बसवायचं सूत्र साधं आहे. उशीर म्हणजे त्रिज्या गुणिले कोसाइन, आणि कोसाइनच्या आतला कोन ग्रहणाच्या मध्यापासून मोजायचा. ग्रहणाच्या मध्यावर उशीर सर्वांत जास्त. अज्ञात पाच: पहिल्या ठोक्याची वेळ, खरा काळ, त्रिज्या, ग्रहणमध्य, आणि काळ किती वेगाने बदलतोय. कक्षाकाळ २.०८७ दिवस असाच ठेवा. दोन दिवसांच्या माहितीतून तो ठरत नाही. शेवटचं अज्ञात सोडू नका. ताऱ्याकडून पडणाऱ्या वायूमुळे हा पल्सार कधी वेग घेतो, कधी मंदावतो, आणि दोन दिवसांत ठोका त्यामुळे एक-दशांशापर्यंत सरकू शकतो. पण निरीक्षण पल्सारच्या एका फेरीहून आखूड असेल तर हाच बदल त्रिज्येत मिसळतो. तेव्हा तो एकदा धरून आणि एकदा शून्य ठेवून दोन्ही उत्तरं काढा. त्यांतला फरक हीच तुमची खरी चूक-मर्यादा.

उत्केंद्रतेबाबत एक चूक इतकी हटकून होते की ती सविस्तर सांगायला हवी. कोसाइनमध्ये कोणती वेळ घालायची? ठोका निघाला ती, की पोचला ती? बहुतेक जण पोचल्याची घालतात, कारण तीच हातात असते. पण ठोका निघाला तेव्हा तारा किंचित वेगळ्या जागी होता. या चुकीमुळे उशिरात ०.०२७ सेकंदांची, दुप्पट वेगाने हलणारी लाट शिरते. अशी लाट म्हणजे नेमकी लांबट कक्षेची खूण. संगणक मग उत्केंद्रता ०.००१४ असल्याचं छातीठोकपणे सांगतो, आणि ती पूर्ण खोटी असते. उपाय दोन ओळींचा आहे: आधी पोचवेळेने उशीर काढा, तो वजा करून निघण्याची वेळ काढा, तिने पुन्हा उशीर काढा. दोन-तीन वेळा फिरवलं की आकडा स्थिरावतो.

बसवून झाल्यावर उरलेले फरक वेळेसमोर मांडा. ते शून्याभोवती विखुरलेले हवेत, लाटेसारखे नव्हे. वाऱ्यामुळे खूण करून ठेवलेले तुकडे इथे बाजूला पडलेले दिसले तर ते वगळून पुन्हा बसवा.

वजन

त्रिज्या ३९.६ प्रकाश-सेकंद आली असं धरू. घन ६२,०९९. त्याला ३९.४७८ ने गुणा (पायच्या वर्गाची चौपट): २४,५१,५५०. खाली कक्षाकाळ सेकंदांत, १,८०,३१७, त्याचा वर्ग, गुणिले ०.०००००४९२५४९, हा सूर्याच्या वस्तुमानाचा सेकंदांतला अवतार. खालचा गुणाकार १,६०,१४८. भागाकार १५.३.

हे सूर्यांचं वजन आहे, पण अजून ताऱ्याचं नाही. हे ताऱ्याच्या वस्तुमानाचा घन, गुणिले कक्षेच्या कलाच्या साइनचा घन, भागिले दोघांच्या एकूण वस्तुमानाचा वर्ग. (कल म्हणजे कक्षा आपल्या नजरेला किती तिरपी आहे तो कोन: समोरून पूर्ण वर्तुळ दिसलं तर ०, कडेवरून दिसली तर ९० अंश.) न्यूट्रॉन तारा १.४ सूर्यांचा धरा आणि कक्षा अगदी कडेवर, ९० अंश, धरा: तारा १७.८ सूर्यांचा येतो. कल याहून कमी असेल तर वस्तुमान वाढतच जातं, म्हणून १७.८ ही खालची मर्यादा. ७२ अंश घेतले तर २०.३५.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. एकमेकांवर आदळणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या जोड्यांच्या गुरुत्वीय लहरी ती टिपेल. अशा बहुतेक जोड्या आधी याच अवस्थेतून जातात: एक तारा स्फोट होऊन न्यूट्रॉन तारा झालेला, दुसरा अजून महाकाय. आज काढलेलं वजन त्या गोष्टीचा आधीचा अध्याय आहे.

आकार

कल कसा ठरवायचा? ग्रहणाने. ग्रहणाची लांबी स्वतःच्या आलेखावरून मोजा. उतार आणि चढ तिरपे असतात, म्हणून दोन्हींच्या अर्ध्या उंचीवरची वेळ घ्या, आणि हे शक्यतो जास्त ऊर्जेच्या फोटॉनवर करा. कमी ऊर्जेला ताऱ्याचा वारा ग्रहण फुगवून दाखवतो. २.०८७ दिवसांतलं ग्रहण ३६० अंशांत बदललं की सुमारे ६६ अंश येतात, म्हणजे अर्धा कोन ३३.

७२ अंशांचा कल धरला तर दोघांतलं एकूण अंतर ४४.५ प्रकाश-सेकंद, म्हणजे १ कोटी ३३ लाख किलोमीटर, सूर्याच्या १९.२ त्रिज्या. ताऱ्याची त्रिज्या अंतराच्या किती पट? कलाच्या कोसाइनचा वर्ग ०.०९५५. कलाच्या साइनचा वर्ग गुणिले ३३ अंशांच्या साइनचा वर्ग ०.२६८३. बेरजेचं वर्गमूळ ०.६०३. म्हणजे तारा सूर्याच्या ११.६ पट मोठा.

आता याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवा. ताऱ्याला स्वतःचा वायू धरून ठेवता येतो ती हद्द, रोश लोब, वस्तुमानांच्या गुणोत्तरावरून काढता येते. गुणोत्तर १४.५, त्याचं घनमूळ २.४४, घनमुळाचा वर्ग ५.९५. वर ०.४९ गुणिले ५.९५, खाली ०.६ गुणिले ५.९५ अधिक ३.४४ (१ अधिक घनमूळ) चा नैसर्गिक लॉग. उत्तर ०.६०७. ताऱ्याचा आकार ०.६०३, हद्द ०.६०७. तारा काठोकाठ भरलेला आहे, आणि पल्सारवर वायू का पडतो, क्ष-किरण कुठून येतात, हे या दोन आकड्यांच्या शेजाराने समोर येतं.

हेच गणित ६५ अंशांनी करून पाहा. त्रिज्या अंतराच्या ०.६५ पट येते, हद्दीच्या बाहेर. असा तारा टिकूच शकत नाही. म्हणजे कल ७२ अंशांच्या फार खाली जाऊ शकत नाही, आणि वजन २०-२१ सूर्यांच्या फार वर. ग्रहणाचा कोन एक अंश इकडे-तिकडे केला की ही सीमा किती हलते ते स्वतः काढा. तुमच्या उत्तरातली सर्वांत मोठी अनिश्चितता ठोक्यांतून येत नाही, ग्रहणाच्या काठातून येते.

काढलेला ग्रहणमध्य सेकंदांपर्यंत लिहून ठेवा, त्यासोबत वापरलेली स्रोताची जागा आणि वेळेचा संदर्भही. हा कक्षाकाळ दरवर्षी दहा लाखात १.८ भागांनी आखडतो आहे. कक्षाकाळ स्थिर धरून २० वर्षांपुढचं ग्रहण वर्तवलं, तर प्रत्यक्षात ते तीन तासांहून जास्त लवकर लागतं. १९९७ चं आरएक्सटीईचं निरीक्षण आणि ॲस्ट्रोसॅटचं एखादं, दोन्ही याच पद्धतीने सोडवली की तो फरक तुमच्याच आकड्यांत दिसतो.